पहारेकऱ्याची पाठ फिरते तेव्हा

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात किल्ले धारूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हाच विषयही देऊन टाकला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी सॉफ्टवेअरमधली, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला. मी हो म्हणाले, चार दिवस टिपणं काढली आणि पाचव्या दिवशी लक्षात आलं की यातलं सगळं तुम्ही व्हॉट्सॲपवर माझ्याआधी वाचलेलं आहे. म्हणून संयोजकांची माफी मागून आज दुसरंच सांगते. पंचवीस वर्षं ऑफिसात, सासरी आणि आपल्या ग्रुपवरसुद्धा लपवून ठेवलेली गोष्ट आहे. मला कॉम्प्युटरवर गेम खेळायचा नाद आहे.

हसा, हसा. बाई, तुम्हीसुद्धा हसलात! शेहेचाळीस वर्षांची बाई, घरात दहावीतली मुलगी, आणि रात्री भांडी आवरून झाल्यावर ही जपानमधल्या किल्ल्याच्या भिंतीवर चढते, असं ऐकल्यावर मलाही हसू आलं असतं.

कसले गेम, ते आधी सांगते. धडाधड गोळ्या मारायचे नव्हेत. ते मला जमत नाहीत, बोटं तेवढी चपळ नाहीत. माझे गेम लपतछपत, डावपेचानं खेळायचे. पडद्यावर वरून बघितल्यासारखा एखादा जुना किल्ला किंवा गाव दिसतं. त्यात चाळीस-पन्नास पहारेकरी. आपल्याकडे माणसं तीन, फार तर पाच. कुणाला तरी सोडवायचं असतं, एखादं पत्र पळवायचं असतं किंवा दारूगोळ्याचं कोठार उडवायचं असतं. समोरासमोर लढलात तर दहा सेकंदांत खेळ खलास. म्हणून बसून बघायचं. हा पहारेकरी कुठून कुठे जातो, किती वेळ थांबतो, वळतो तेव्हा त्याला कोण दिसतं आणि त्याला स्वतःला कोण बघत असतं. एकेका अंगणासाठी मी अर्धा-अर्धा तास घालवलेला आहे.

आता मला सांगा, हे आपण आधी कुठे केलं होतं?

शाळेच्या मागं. डबा ऐसपैस. काहीजण डबडा म्हणायचे. ज्याच्यावर राज्य असेल तो लांब फेकलेला डबा आणून जागेवर ठेवणार, तोवर बाकीचे लपणार. मग तो एकेकाला हुडकणार, नाव घेऊन डब्यावर पाय ठेवणार. आणि तो हुडकायला लांब गेला की मागून कुणीतरी येऊन डब्याला लाथ मारणार, की धरलेले सगळे सुटले आणि राज्य पुन्हा त्याच्याच डोक्यावर. या लाथेसाठीच तर खेळ होता. रविवारी आपण तो किल्ल्यात खेळायचो, सीताफळाच्या झुडपांत, पडक्या तटाच्या आडोशानं. हा किल्ला आदिलशाहीतल्या किश्वरखानानं सोळाव्या शतकात बांधला आणि १६३१ मध्ये मुघलांनी घेतला, हे तेव्हा आपल्याला कुठं ठाऊक होतं? आपल्या लेखी किल्ला म्हणजे लपायच्या जागा.

आणि लाथ मारणारी कोण असायची, आठवतं का? आपण जिला मांजर म्हणायचो ती. आज तिचं खरं नाव मी घेणार नाही, ते तुम्हाला माहीत आहे. आपण सगळे लपून बसायचो आणि लपलो यातच खूश असायचो. ती लपायचीच नाही फारशी. ती राज्य असलेल्याच्या मागं मागं चालायची! तो वळला की ती खाली बसलेली, तो पुढे गेला की ही दोन पावलं पुढे. मी एकदा विचारलं, तुला भीती नाही का वाटत धरलं जाण्याची? ती म्हणाली, त्याची मान वळायच्या आधी खांदा वळतो, मी खांद्याकडं बघते. बारा-तेरा वर्षांची पोरगी. मी पुढे इंजिनिअर झाले, पण एखाद्या यंत्रणेकडं नेमकं कुठं बघायचं असतं, हे मला पहिल्यांदा तिनं सांगितलं.

पुढे १९९७ ला मी इंजिनिअरिंगला औरंगाबादला गेले. होस्टेलचं गेट संध्याकाळी लवकर बंद व्हायचं, रविवारी मात्र आत्याकडे जायची परवानगी होती. आतेभावानं सुटे भाग जोडून बनवलेला एक पेंटियम घेतला होता. १९९९ च्या पावसाळ्यात त्यानं कुठल्याशा दुकानातून एक सीडी आणली, ‘कमांडोज : बिहाइंड एनिमी लाइन्स’. माद्रिदच्या पायरो स्टुडिओज या स्पॅनिश कंपनीनं १९९८ मध्ये काढलेला गेम. आमची सीडी अर्थातच चोरीची कॉपी होती. नंतर कमावती झाल्यावर मी तोच गेम पैसे देऊन दोनदा विकत घेतला, त्याला प्रायश्चित्त समजा.

दुसऱ्या महायुद्धातले सहा सैनिक. एक भिंतीवर चढणारा, एक पाण्यात बुडी मारणारा, एक सुरुंगवाला, एक लांबून नेम धरणारा, एक गाड्या चालवणारा आणि एक हेर, जो शत्रूचा गणवेश पळवून घालायचा आणि त्यांच्यातच फिरायचा. पहिलीच मोहीम नॉर्वेतली. आतेभाऊ सरळ आत घुसायचा आणि मरायचा. पुन्हा घुसायचा, पुन्हा मरायचा. मी मागं बसून बघत होते. त्या गेममध्ये पहारेकऱ्यावर टिचकी मारली की त्याची नजर जमिनीवर हिरव्या पंख्यासारखी पसरलेली दिसते. जवळचा भाग वेगळ्या छटेचा, लांबचा वेगळ्या. लांबच्या भागातून रांगत गेलं तर तो बघत नाही. मी म्हटलं, दे इकडं. आणि बसले. त्या सैनिकाचा खांदा काही दिसत नव्हता, इतकं बारीक चित्र नव्हतंच, पण त्याची वेळ मोजता येत होती. रात्री होस्टेलवर परतायला उशीर झाला आणि वॉर्डननं बोलणी घातली. ती खाताना मी मनात त्या रेडिओ केंद्राच्या भिंतीपाशीच होते.

आतून हे कसं चालतं, ते थोडंसं सांगते. गणिताचे सर बसलेत, त्यांना आवडेल. पहारेकऱ्याला बुद्धी नसते. त्याच्या मोजक्या अवस्था लिहिलेल्या असतात. पहिली, ठरलेल्या वाटेनं फिरणं. दुसरी, संशय : काहीतरी वाजलं, जाऊन बघतो. तिसरी, आरडाओरडा. कुठल्या गोष्टीनं पहिल्यातून दुसऱ्यात जायचं आणि किती वेळानं परत पहिल्यात यायचं, एवढंच लिहायचं असतं. पण असे चाळीसजण एकमेकांच्या नजरेत ठेवले की त्यातून जे कोडं तयार होतं, ते बसवायला माणसाला महिनेच्या महिने लागतात. मी व्यवसायानं हेच काम करते, फक्त माझे पहारेकरी बँकेचे व्यवहार तपासतात. कुठल्याही खेळाडूला कळतं की पहारेकरी मूर्ख आहे. तो मूर्ख असूनही तुम्ही हरता, म्हणून खेळ चांगला.

आता इतिहासाच्या सरांची परवानगी घेऊन पुढे जाते. सर, तुम्ही नववीत लालमहालाचा प्रसंग शिकवला होता. तुम्ही पुस्तक मिटलं, फळ्यावर वाड्याचा नकाशा काढला आणि खडूनं फुल्या मारल्या. इथं चौकी, इथं नगारखाना, इथं मुदपाकखाना, ही जनानखान्याची भिंत. मग आम्हाला विचारलंत, तुम्ही असता तर कुठून गेला असता? अख्खा वर्ग ओरडला, मुख्य दरवाज्यातून! तुम्ही म्हणालात, मेलात.

तो तास मी विसरले नाही. नोकरी लागल्यावर मी त्या रात्रीबद्दल मिळेल ते वाचलं. ५ एप्रिल १६६३, रमजानचा महिना. खाफीखानानं लिहिलेल्या हकिकतीत एक तपशील आहे. मुदपाकखाना आणि जनानखाना यांच्यामध्ये एक खिडकी विटामातीनं बुजवलेली होती. महाराजांचे लोक ती फोडायला लागले. कुदळींचा आवाज भिंतीपलीकडे झोपलेल्या एका नोकरानं ऐकला. तो उठून शाइस्ताखानाला सांगायला गेला. खान त्याच्यावरच खेकसला, की स्वयंपाकी उठले असतील कामाला. रमजानात पहाटेच्या आधी स्वयंपाकघरात खुडबुड होणारच. आणि काही लोकांनी नगारखान्यात शिरून नगारे वाजवायला लावले, म्हणजे आतला आरडाओरडा बाहेर कुणाला ऐकू जायला नको.

हे वाचताना मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. एका नोकराची संशयाची अवस्था आणि मालकानं त्याला परत पहिल्या अवस्थेत ढकललं! आवाज लपवायचा नाही, तर तो ज्या वेळी नेहमीचा वाटेल अशी वेळ निवडायची. गेम बनवणारे लोक ही युक्ती शोधायला वर्षं घालवतात. गनिमी कावा हा शब्द आपण इतक्यांदा ऐकला आहे की तो पोवाड्यातली ललकारी वाटायला लागला आहे. त्याच्या आत किती बसून बघणं आहे, किती दिवसांची हेरगिरी आहे, आणि कोण किती वाजता स्वयंपाकाला उठतं इतकी बारीक माहिती आहे, हे मला माझ्या गेमनं दाखवलं. असा प्रसंग घेऊन केलेला डावपेचाचा गेम मी अजून खेळलेली नाही. कुणा भाच्या-पुतण्याला करायचा असेल तर मी फुकट कोड लिहून देईन, हे माइकवर सांगते आहे.

आता थोडं अवघड सांगायचं आहे.

२०१६ च्या शेवटी माझ्या हातून कामात एक चूक झाली. कंपनीचं नाव नको, चूक माझीच होती. मी केलेल्या एका बदलामुळे एका शनिवारी रात्री लोकांचे व्यवहार कित्येक तास अडकले. कुणी मला काढलं नाही. पण मला त्या कामावरून हलवलं, आणि त्याहून वाईट म्हणजे मी स्वतःच स्वतःला हलवलं. कळफलकावर हात ठेवला की पोटात खड्डा पडायचा. एक ओळ बदलायची तर चारजणांना विचारायची. तीन-चार महिने असे गेले. आपण धारूरची लेकरं. आपल्याकडे चूक म्हणजे काय, तर पाऊस हुकला की वर्ष गेलं, पेपर बिघडला की कॉलेज गेलं. एकदा चुकल्यावर पुन्हा तीच गोष्ट करून बघायची असते, हे आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं. घरातल्या मोठ्यांनाही तशी सोय कधी मिळाली नव्हती.

त्या उन्हाळ्यात आतेभावानं मला एक गेम भेट म्हणून पाठवला. ‘शॅडो टॅक्टिक्स : ब्लेड्स ऑफ द शोगुन’. म्युनिकच्या मिमिमी नावाच्या छोट्या कंपनीचा, डिसेंबर २०१६ मध्ये आलेला. म्हणजे माझी चूक आणि तो गेम एकाच महिन्यातले. जपान, साधारण १६१५ सालचा, नव्या शोगुनचं राज्य नुकतं बसलेलं. पाच माणसं : हायातो हा निन्जा, मुगेन हा धिप्पाड सामुराई, वेश पालटून पहारेकऱ्यांशी गप्पा मारणारी आयको, लाकडी पायाचा म्हातारा नेमबाज ताकुमा, आणि युकी. युकी ही रस्त्यावर वाढलेली चोरटी पोरगी. सापळा लावते, बासरी फुंकते, पहारेकरी आवाज हुडकत येतो आणि अडकतो. तिला पहिल्यांदा चालताना बघितलं आणि मी म्हटलं, ही तर आपली मांजर!

तो गेम अतिशय अवघड आहे. गवती टोपीवाले काही शिपाई असे असतात की जागा सोडतच नाहीत. मुगेननं दारूची बाटली समोर ठेवली तरी हलत नाहीत, बाकीचे मात्र धावत येतात. सामुराईला आयकोचं सोंग ओळखू येतं. एका मोहिमेत गावावर बर्फ पडलेला असतो आणि आपल्याच पावलांचे ठसे आपल्याला धरून देतात. आणि तरी हा गेम दयाळू आहे. आहे त्या क्षणाची नोंद करून ठेवायची एक कळ असते. फसलात की दुसरी कळ दाबून तिथं परत. नोंद करून मिनिटभर झालं की पडद्यावर वेळ दिसायला लागते : बाई, जतन करून घे. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलं आहे की तुम्ही फसणार. फसणं हा त्यांच्या लेखी खेळाचाच भाग आहे.

एका अंगणात मी सत्तेचाळीस वेळा फसले. मी मोजलं होतं, कागदावर काड्या मारून. पहिल्या दहा वेळा राग आला. नंतर मी प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायला लागले. आधी डावीकडचा, मग कोपऱ्यातला. युकीचा सापळा दोन पावलं अलीकडे. अठ्ठेचाळिसाव्या वेळी तिघांच्या हालचाली आधी ठरवून एकाच क्षणी सोडल्या आणि अंगण मोकळं झालं. रात्रीचे दोन वाजले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि लक्षात आलं की पोटातला खड्डा नाही. सोमवारी ऑफिसात मी कुणालाही न विचारता एक बदल केला. छोटासा होता. आधी चाचणीच्या यंत्रावर तो मुद्दाम वीस प्रकारे मोडून बघितला आणि मग लावला.

गेमनं मला बरं केलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरांकडेही जात होते, नवऱ्यानं सांभाळून घेतलं. पण एवढं खरं की चुकायचा सराव मला दुसरीकडे कुठं मिळाला नसता.

आता आईबापांचे प्रश्न, कारण जेवताना तुम्ही ते विचारणारच. वेळ जातो का? भरपूर जातो. मुलीसोबत मी शनिवारी दोन तास खेळते, घड्याळ लावून, आणि घड्याळ बऱ्याचदा तीच लावते. मारामारी आहे का? आहे, आणि तेवढी एक गोष्ट मला या गेममध्ये खटकते. पहारेकरी मेला की झुडपात ओढून टाकायचा, पुढे चला. कुठल्याशा खेड्यातून पोटासाठी पहाऱ्यावर आलेला माणूस असेल तो. माझी मुलगी शक्यतो कुणाला न मारता, नुसतं बेशुद्ध करून पुढे जाते. त्याला तिप्पट वेळ लागतो, पण तसं खेळता येतं.

आणि इतिहासातल्या त्या रात्री असं मागं जाता येत नव्हतं. लालमहालात खानाचं बोटांवर निभावलं, त्याचा मुलगा मारला गेला, अंधारात बायकाही सापडल्या. १६७० मध्ये तानाजी मालुसरे सिंहगडावर चढले ते उतरले नाहीत. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. त्या साठांपैकी एकाचाही पाय निसटला असता तर ती गोष्ट आज आपल्याला वेगळी ऐकावी लागली असती. पूर्वी मी या गोष्टी शेवट माहीत असल्यासारख्या ऐकायची. आता ऐकते तेव्हा मला कड्याच्या मधोमध थांबलेला माणूस दिसतो. त्याला शेवट माहीत नाही, आणि त्याच्याकडे ती कळ नाही.

मिमिमी कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. शेवटचा गेम काढून त्यांनी सांगून टाकलं की पैशाचा आणि जिवाचा ताण आता पुरे. इतके चांगले लोक, पण असे गेम बनवायला वर्षं लागतात आणि धीर धरून खेळणारे थोडे. मला वाईट वाटलं. त्यांचा प्रत्येक गेम माझ्याकडे आहे.

शेवटी एक काम आहे. मांजर आपल्याबरोबर दहावीला नव्हती. दरवर्षी दिवाळीनंतर तिचे आईवडील उचल घेऊन ऊसतोडीला जायचे आणि ती त्यांच्याबरोबर. एप्रिलमध्ये परत आली की मागं राहिलेलं सगळं माझ्या वह्यांतून उतरवून घ्यायची. नववीच्या वर्षी ती परत आलीच नाही. कारखान्याच्या फडावरच तिचं लग्न लावून दिलं असं आपल्या कानावर आलं आणि आपण कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. माझ्याकडे तिची भूगोलाची एक वही राहिली होती, ती अजून आहे, सोबत आणली आहे.

संयोजकांनी केलेल्या यादीत तिचं नाव नाही, कारण यादी दहावीच्या हजेरीपटावरून केलेली आहे. तिचं माहेरचं गाव आपल्यातल्या तिघाचौघांच्या गावाजवळचं आहे. तिचा भाऊ माजलगावकडे असतो असं मला काल कळलं. कुणाकडे त्याचा किंवा तिचा नंबर असेल, किंवा कुणाला नुसती दिशा माहीत असेल, तर चहाच्या वेळी मला गाठा. मी त्या खिडकीपाशी थांबते. पाच वाजता आपण सगळे किल्ल्यात जाणार आहोत, आणि डबा मी आणला आहे.